हेलियमचे कोडे आणि एका माणसाची हमी

परतूरसारख्या तालुक्याच्या गावातून डोक्याला मार लागलेला रुग्ण एमआरआयसाठी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवला जातो, तेव्हा नातेवाइकांना दोन गोष्टींची धास्ती असते. एक खर्चाची आणि दुसरी त्या बोगद्यासारख्या यंत्रातल्या ठकठक आवाजाची. त्या यंत्राच्या जाड भिंतीत, रुग्णाच्या अंगापासून फार तर हातभर अंतरावर, उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हा द्रव म्हणजे हेलियम. जत्रेतल्या फुग्यात भरतात तोच वायू, पण पराकोटीचा थंड करून द्रवरूप केलेला.

हेलियमशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरूनच भारतात शिरला होता. त्या वर्षी सूर्यप्रकाशाचा जो अभ्यास झाला, त्यात पिवळ्या रंगाची एक अनोळखी रेषा सापडली. तिच्यावरून एका नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यवाचक शब्दावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडले. हे नाव देणारे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर १८९८ च्या ग्रहणासाठी स्वतः विजयदुर्गला आले होते. त्या किल्ल्यावर आजही १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो.

पण हेलियमची खरी गंमत तो द्रव झाल्यावर सुरू होते. आणखी थंड केला की तो असा काही वागू लागतो की पदार्थविज्ञानाचे नेहमीचे नियम त्याला लागू पडेनासे होतात. विशेषतः त्यातून उष्णता कशी वाहते, हे कोडे कित्येक वर्षे सुटत नव्हते. ते सोडवणाऱ्या माणसाचे नाव लेव्ह लँडाऊ. या माणसाला मरणाच्या दारातून दोनदा परत आणले गेले. पहिल्या वेळी एका शास्त्रज्ञाने आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी. पहिल्या सुटकेतून विज्ञानाला हेलियमचा सिद्धांत मिळाला. दुसऱ्या सुटकेने वैद्यकाला स्वतःच्या मर्यादा दाखवल्या.

डॉक्टर आईचा मुलगा

लेव्ह यांचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू येथे झाला. हे शहर आज अझरबैजानची राजधानी आहे आणि तेव्हाही खनिज तेलासाठी प्रसिद्ध होते. वडील तेल उद्योगात अभियंता, आई डॉक्टर. घर ज्यू आणि शिकलेले. योगायोग असा, की त्याच वर्षी १० जुलैला नेदरलँड्समधल्या लायडन येथे हाइके कामेरलिंग ओनेस यांनी हेलियम पहिल्यांदा द्रवरूपात आणला. मुलगा आणि त्याचा विषय जगात एकाच वर्षी अवतरले.

लेव्ह तेराव्या वर्षी शाळा संपवून मोकळा झाला. इतक्या लहान वयात विद्यापीठात पाठवायला घरचे धजेनात, म्हणून वर्षभर त्याला बाकूतच दुसऱ्या एका शिक्षणसंस्थेत बसवले. चौदाव्या वर्षी बाकू विद्यापीठ, सोळाव्या वर्षी लेनिनग्राड आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी. त्यानंतर १९२९ ते १९३१ या काळात त्यांनी युरोपातली विज्ञानाची मोठी केंद्रे पाहिली. कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे ते राहिले आणि पुढे आयुष्यभर त्यांनाच गुरू मानत राहिले. केंब्रिजमध्ये त्यांची गाठ मायदेशच्याच एका शास्त्रज्ञाशी पडली. हे प्योत्र कापित्सा. रदरफोर्ड यांचे लाडके सहकारी आणि अतिशय कुशल प्रयोगकर्ते.

मायदेशी परतल्यावर १९३२ मध्ये लँडाऊ युक्रेनमधल्या खारकिव्ह येथे सैद्धांतिक विभागाचे प्रमुख झाले. वय होते अवघे २४. तिथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा ठरवली. पदार्थविज्ञानाची किमान तयारी किती हवी, हे त्या परीक्षेत कळे आणि त्या किमान तयारीतच भल्याभल्यांची दमछाक होई. पुढच्या सुमारे तीन दशकांत ती उत्तीर्ण झालेल्यांची यादी त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती. तीत फक्त ४३ नावे आहेत. त्यांचे सहकारी येवगेनी लिफ्शित्झ यांच्यासोबत त्यांनी लिहायला घेतलेली पाठ्यपुस्तके आजही जगभर वापरली जातात.

१९३७ मध्ये लँडाऊ यांनी पदार्थाच्या अवस्था कशा बदलतात, यावर एक सिद्धांत मांडला. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि पाणी व बर्फ काही काळ शेजारी शेजारी नांदतात. पण काही बदल असे असतात की त्यांत अशी उष्णता बाहेर पडत नाही आणि दोन अवस्था शेजारी दिसतही नाहीत. ठरावीक तापमानाला पदार्थाची आतली शिस्तच बदलते. ती शिस्त शून्यापासून हळूहळू वाढत जाते, असे मानून लँडाऊ यांनी हे बदल गणितात बसवले. द्रव हेलियममधला बदल याच जातीचा आहे.

उकळणारा द्रव एकाएकी शांत होतो

साध्या दाबाला हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो. त्याच्या पृष्ठभागावरची वाफ पंपाने ओढत राहिले, तर तो आणखी थंड होतो. ओल्या माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते, तसेच. या वेळी काचेच्या भांड्यात पाहिले तर द्रव खदखदत असतो, बुडबुडे उसळत असतात. तापमान उणे २७१ अंशांच्या जवळ आले की एका क्षणात सगळे बुडबुडे थांबतात. द्रव आरशासारखा स्थिर होतो. बाष्पीभवन चालूच असते, पण ते फक्त वरच्या थरातून. निरपेक्ष शून्यापासून मोजले तर हे तापमान २.१७ केल्विन. इथे उष्माधारकतेचा आलेख ग्रीक लॅम्डा या अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला लॅम्डा बिंदू म्हणतात.

बुडबुडे का थांबतात? चुलीवरच्या भांड्यात बुडबुडा तळाशी तयार होतो, कारण तिथला भाग वरच्यापेक्षा जास्त तापलेला असतो. लॅम्डा बिंदूखाली हेलियममधली उष्णता इतक्या चपळाईने पसरते की कुठलाही एक भाग शेजाऱ्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. मग बुडबुड्याला जागाच उरत नाही. १९३६ मध्ये लायडनचे विलेम केसोम आणि त्यांची कन्या ॲना यांनी हे मोजून दाखवले. उष्णता वाहून नेण्यात हा द्रव तांब्यापेक्षा शेकडो पटींनी पुढे निघाला.

दुसऱ्याच वर्षी केंब्रिजमध्ये ॲलन, पायर्ल्स आणि उद्दीन यांच्या हाती आणखी विचित्र गोष्ट लागली. तांब्याच्या दांडीत दोन टोकांच्या तापमानातला फरक दुप्पट केला की उष्णतेचा ओघही दुप्पट होतो. हेलियमने हा साधा हिशेब पाळला नाही. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता किती उष्णता वाहते आहे, यावरच ठरत होती. जणू रस्त्याची रुंदी त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर अवलंबून असावी!

इकडे कापित्सा मॉस्कोत होते. १९३४ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि सरकारने त्यांना केंब्रिजला परत जाऊ दिले नाही. त्याऐवजी मॉस्कोत त्यांच्यासाठी एक संस्था उभारून दिली. त्यांचा तर्क असा होता, की हेलियममधून उष्णता वाहत नसावी, तर द्रव स्वतःच विलक्षण सहजतेने फिरून ती नेत असावा. हे तपासण्यासाठी त्यांनी अतिशय गुळगुळीत घासलेल्या काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवल्या. त्यांच्यामधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. लॅम्डा बिंदूच्या वर हेलियम त्या फटीतून कसाबसा झिरपत होता. बिंदूच्या खाली तो बिनदिक्कत निसटू लागला, जणू त्याला चिकटपणा असा नव्हताच. या गुणाला कापित्सांनी अतिप्रवाहिता म्हटले. जानेवारी १९३८ मध्ये त्यांचा आणि केंब्रिजच्या ॲलन व मायझनर यांचा असे दोन्ही शोधनिबंध एकाच अंकात छापले गेले.

वर्षभराचा तुरुंग

कापित्सांच्या संस्थेत लँडाऊ १९३७ मध्ये दाखल झाले होते. खारकिव्हमधली हवा तोवर विषारी झाली होती. स्टालिनच्या राजवटीत शास्त्रज्ञांना हेर आणि घातपाती ठरवून उचलले जात होते. तिथल्या अतिशीत प्रयोगशाळेचे प्रमुख आणि लँडाऊंचे स्नेही लेव्ह शुब्निकोव्ह यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. मॉस्कोला आल्याने लँडाऊ वाचले असे वाटले, पण ते थोडेच दिवस. एप्रिल १९३८ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. स्टालिनविरोधी पत्रकात सहभाग, हा आरोप.

त्या काळात अटक झालेल्या माणसाची ओळख दाखवणेही धोक्याचे होते. कापित्सांनी मात्र अटकेच्या दिवशीच थेट स्टालिनला पत्र लिहिले. कोपनहेगनहून बोर यांनीही लिहिले. उत्तर आले नाही. लँडाऊ तुरुंगात खंगत गेले. आणखी सहा महिने काढावे लागले असते तर आपण जगलो नसतो, असे ते नंतर सांगत.

वर्ष सरत आले तेव्हा, एप्रिल १९३९ मध्ये, कापित्सांनी पुन्हा पत्र लिहिले. या वेळी पंतप्रधान मोलोतोव्ह यांना. त्यांनी दयेची भीक मागितली नाही. निरपेक्ष शून्याजवळ हेलियमच्या अभ्यासात आपल्याला काही नवे आविष्कार सापडले आहेत, त्यांचा उलगडा करायला सिद्धांतकार हवा आणि देशात त्या विषयात सर्वांत पारंगत असलेला माणूस वर्षभर तुरुंगात आहे, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर कापित्सांना लेखी हमी द्यावी लागली, की हा माणूस राज्याविरुद्ध काही करणार नाही. त्या सहीवर लँडाऊ सुटले. कागदोपत्री ते निर्दोष ठरले ते १९९० मध्ये. तोवर लँडाऊ आणि कापित्सा दोघेही हयात नव्हते.

एकाच द्रवात दोन प्रवाह

सुटकेनंतर दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, लँडाऊ यांनी अतिप्रवाहितेचा सिद्धांत प्रसिद्ध केला. उष्णतेच्या कोड्याचे उत्तर त्यात होते.

त्यांच्या मांडणीनुसार लॅम्डा बिंदूखाली हेलियममध्ये एकाच जागी, एकाच वेळी दोन प्रकारच्या हालचाली चालू शकतात. एक अतिप्रवाही भागाची. तिला घर्षण नाही आणि तिच्यासोबत उष्णताही जात नाही. दुसरी सामान्य भागाची. द्रवातली सगळी उष्णता या भागाकडे असते आणि त्याला नेहमीचा चिकटपणाही असतो. हे दोन वेगवेगळे द्रव एकमेकांत मिसळलेले आहेत असे मात्र समजायचे नाही. सगळे अणू एकसारखेच आहेत. फरक हालचालीचा आहे. तापमान जितके कमी, तितका सामान्य भाग कमी. निरपेक्ष शून्याला तो उरतच नाही. लॅम्डा बिंदूपाशी उलट सगळा द्रव सामान्य असतो.

हे समजायला बाजाराचा रस्ता आठवावा. भरल्या टोपल्या घेऊन काही लोक गावाकडून बाजाराकडे निघाले आहेत आणि तितकेच लोक रिकाम्या टोपल्या घेऊन परत येत आहेत. रस्त्यावरच्या गर्दीत ना वाढ होते ना घट, तरी माल मात्र सतत बाजारात पोहोचत राहतो. हेलियममध्ये असेच होते. गरम टोकाकडून सामान्य भाग उष्णतेची भरली टोपली घेऊन थंड टोकाकडे जातो आणि त्याची जागा भरून काढायला अतिप्रवाही भाग रिकाम्या हाताने उलट येतो. द्रव एकूण जागचा हलत नाही आणि उष्णता झपाट्याने पोहोचते. साध्या पदार्थात उष्णता एका अणूकडून दुसऱ्याकडे धक्क्याधक्क्याने सरकते. इथे ती वाहून नेली जाते.

कापित्सांच्या प्रयोगात याचा पुरावा डोळ्यांना दिसला. हेलियमने भरलेल्या आणि हेलियममध्येच बुडवलेल्या एका छोट्या कुपीत त्यांनी हलकीशी उष्णता दिली. कुपीच्या तोंडातून द्रवाचा झोत बाहेर आला आणि समोर टांगलेले पाते हलले. झोत अखंड चालू राहिला, तरी कुपी रिकामी झाली नाही. बाहेर पडणारा सामान्य भाग दिसत होता. आत शिरणारा अतिप्रवाही भाग पात्याला धक्का न देता जात होता.

सिद्धांताची खरी परीक्षा भाकितात असते. लँडाऊ यांनी सांगितले, की या द्रवात उष्णता ध्वनीसारख्या लहरींनी धावली पाहिजे. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी उष्णता पसरते, हा आपला अनुभव. ती लहरीसारखी एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते, ही कल्पनाच नवी होती. १९४४ मध्ये कापित्सांच्याच संस्थेत वासिली पेश्कोव्ह यांना ही लहर सापडली. तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे परतूर स्थानकावरून धडधडत निघून जाणाऱ्या एक्स्प्रेस गाडीइतका. तिला दुसरा ध्वनी असे नाव पडले.

सगळे श्रेय एकट्या लँडाऊंचे नाही. दोन भागांची कल्पना १९३८ मध्येच लास्लो टिसा यांनी मांडली होती. तिच्या मुळाशी सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी सांगितलेले अणूंचे एकत्रीकरण आहे, हे फ्रिट्झ लंडन यांनी ओळखले होते. लँडाऊ यांनी तो धागा मानला नाही आणि टिसांवर कठोर टीका केली. पुढच्या संशोधनाने लंडन यांची दृष्टी बरोबर ठरवली. पण प्रयोगाशी आकड्यानिशी जुळणारा सिद्धांत दिला तो लँडाऊंनी.

उष्णता वाढली की बिंदूच सरकतो

केंब्रिजला दिसलेला विक्षिप्तपणा पुढे उलगडला. बाजाराच्या रस्त्यावर माणसे थोडी असतील तोवर जाणारे-येणारे एकमेकांना चुकवून निघतात. वर्दळ वाढली की खांद्याला खांदा घासतो, रेटारेटी होते. हेलियममध्येही उष्णतेचा ओघ एका मर्यादेपलीकडे गेला की अतिप्रवाही भागात बारीक भोवऱ्यांचे जाळे तयार होते. दोन्ही प्रवाह त्यात अडखळतात आणि उष्णतेला अडथळा होऊ लागतो. म्हणून ओघ जितका मोठा, तितकी वाहून नेण्याची क्षमता घटते.

याहून नाजूक प्रश्न लॅम्डा बिंदूचा आहे. उष्णता वाहत असताना हा बिंदू २.१७ केल्विनलाच राहतो का? उत्तर आहे, नाही. बिंदूच्या अगदी जवळ अतिप्रवाही भाग फार थोडा शिल्लक असतो. उष्णता नेणाऱ्या प्रवाहाची जागा भरायला या मूठभरांना फार वेगाने परतावे लागते आणि ती धावपळच त्यांची शिस्त मोडते. परिणामी अतिप्रवाहिता थोड्या कमी तापमानालाच मोडून पडते. १९८८ मध्ये अमेरिकेत डंकन, आलर्स आणि स्टाइनबर्ग यांनी हे मोजले. दर चौरस सेंटिमीटरमधून १० मायक्रोवॅट उष्णता वाहत असेल, तर बिंदू अंशाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाने खाली सरकतो.

फरक एवढासा, मग त्याचे महत्त्व काय? अवस्था बदलण्याचे तापमान हा पदार्थाचा कायमचा गुण आहे, असे आपण शाळेपासून शिकतो. ते पदार्थ शांत असतानाचे सत्य आहे. त्यातून काही वाहू लागले की सीमाही हलते. इतके बारीक मोजमाप करताना गुरुत्वाकर्षणही आड येते. भांड्यातल्या तळाच्या द्रवावर वरच्या द्रवाचा दाब असल्याने एका सेंटिमीटरच्या उंचीतही लॅम्डा बिंदू अंशाच्या दहा लाखाव्या भागाहून थोडा अधिक बदलतो. म्हणूनच ऑक्टोबर १९९२ मध्ये कोलंबिया यानातून हेलियम अवकाशात नेऊन लॅम्डा बिंदूजवळची त्याची उष्माधारकता मोजण्यात आली.

लँडाऊंचा १९३७ चा सिद्धांत या बिंदूच्या अगदी लगत अपुरा पडतो, हेही पुढे स्पष्ट झाले. तिथे द्रवातली चलबिचल इतकी वाढते की सरासरीवर आधारलेले गणित चालत नाही. ती त्रुटी भरून काढणाऱ्या केनेथ विल्सन यांना १९८२ चे नोबेल मिळाले. पण सुरुवात करायची ती आजही लँडाऊंच्याच मांडणीपासून.

७ जानेवारी १९६२

त्या दिवशी मॉस्कोहून दुब्ना या विज्ञाननगरीकडे जाताना बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर लँडाऊंची मोटार घसरली आणि ट्रक येऊन तिच्यावर आदळला. धडक नेमकी त्यांच्या बाजूला बसली. सीटबेल्ट त्या काळी मोटारींत सर्रास नव्हते. कवटीच्या तळाला तडा गेला. मेंदूला मार बसला. बरगड्या आणि कटिभागाची हाडे मोडली. फुफ्फुसाला इजा झाली. यांतली एकेक दुखापतही जिवावर बेतणारी होती.

डोक्याच्या दुखापतीत एक गोष्ट सामान्य माणसाला सहसा माहीत नसते. मार एकदाच बसतो, पण मेंदूचे नुकसान पुढे कित्येक तास, कधी दिवसही, चालू राहते. मेंदूला सूज येते आणि कवटीत फुगायला जागा नसल्याने आतला दाब वाढतो. रक्तपुरवठा कमी पडतो. त्यात छातीला मार असेल तर रक्तातला प्राणवायू घटतो आणि आधीच जखमी झालेल्या पेशी आणखी मरतात. लँडाऊंच्या बाबतीत हे सगळे एकाच वेळी चालले होते. पहिल्या काही दिवसांत ते अनेकदा मृत्यूच्या उंबरठ्यावर गेले आणि डॉक्टरांनी त्यांना परत आणले.

या वेळी शास्त्रज्ञांनी जे केले, ते वैद्यकाच्या इतिहासात क्वचित घडले असेल. त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी रुग्णालयात पाळ्या लावून बसले. कुणी कृत्रिम श्वासाचे यंत्र मिळवले, कुणी वाहनांची सोय पाहिली, कुणी विमानतळावर औषधांची वाट पाहत थांबले. मेंदूची सूज उतरवणारी औषधे परदेशांतून विमानाने आली. प्राग आणि पॅरिसहून तज्ज्ञ आले. कॅनडातून त्या काळचे सर्वांत नावाजलेले मेंदू शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आले. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडत होते.

तरीही या सगळ्या तज्ज्ञांची एक अडचण होती. लँडाऊंच्या मेंदूत नेमके काय झाले आहे, हे पाहण्याचे साधन कुणाकडेच नव्हते. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, मेंदू दिसत नाही. पहिले सीटी स्कॅन १९७१ मध्ये झाले आणि एमआरआय रुग्णालयांत यायला १९८० चे दशक उजाडले. एमआरआयच्या चुंबकातली तार अतिसंवाहक असते, तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. त्यासाठीच तिला द्रव हेलियमच्या थंडाव्यात ठेवावे लागते. हा हेलियम साधा द्रव असतो, अतिप्रवाही नव्हे. पण अतिसंवाहक पदार्थांचा १९५० चा जो सिद्धांत आजही वापरात आहे, तो विताली गिन्झबर्ग आणि लँडाऊ या दोघांचा.

कित्येक आठवड्यांच्या बेशुद्धीनंतर लँडाऊ शुद्धीवर आले. त्याच वर्षी त्यांना द्रव हेलियमवरच्या कामासाठी पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले. स्टॉकहोमला जाणे शक्यच नव्हते. डिसेंबरमध्ये स्वीडनच्या राजदूतांनी मॉस्कोच्या रुग्णालयातच त्यांना ते दिले. रुग्णालयातून ते घरी गेले जानेवारी १९६४ मध्ये, अपघातानंतर दोन वर्षांनी.

देह वाचला. पण जुन्या गोष्टी आठवणाऱ्या या माणसाला नुकत्याच घडलेल्या गोष्टी लक्षात राहत नसत. पाय आणि पोटाच्या वेदना कायम सोबतीला होत्या. ज्याच्या परिसंवादात भलेभले शास्त्रज्ञ धास्तावून बोलायला उभे राहत, तो पुन्हा कधीही संशोधनाकडे वळू शकला नाही. मार्च १९६८ मध्ये आतड्याच्या अडथळ्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ६०.

डोक्याच्या दुखापतीतून वाचलेल्या रुग्णाच्या घरी हेच चित्र आजही दिसते. जखमा भरतात, टाके निघतात आणि बाहेरच्यांना माणूस बरा झालेला दिसतो. विसरभोळेपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे हे मात्र घरच्यांनाच जाणवते. हा आळस किंवा हट्ट समजू नये. तो दुखापतीचाच भाग असतो. त्याला वेळ, सराव, मेंदूविकारतज्ज्ञाची नियमित तपासणी आणि घरच्यांचा धीर लागतो.

आणि अपघाताच्या जागी पहिली मदत देणारा माणूस बहुधा अनोळखीच असतो. त्याने जखमीची मान न वाकवता त्याला स्थिर ठेवावे, श्वास मोकळा आहे का पाहावे, उठवून बसवू नये, पाणी पाजू नये आणि १०८ वर फोन करावा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीचा त्रास होऊ नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. दुचाकीवर हेल्मेट आणि मोटारीत सीटबेल्ट, मागच्या सीटवरही, हे तर हातातलेच उपाय.

कापित्सांना त्यांच्या अतिशीत संशोधनासाठी नोबेल मिळाले ते १९७८ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी. आज जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या कणवेगकाची चुंबके १.९ केल्विनच्या अतिप्रवाही हेलियमने थंड राखली जातात, कारण उष्णता इतक्या चटकन वाहून नेणारा दुसरा द्रव नाही. १९३९ च्या एप्रिलमध्ये एका माणसाने दुसऱ्यासाठी सही केली नसती, तर तो द्रव असा का वागतो, हे समजायला जगाला आणखी किती वाट पाहावी लागली असती, याचा हिशेब कुठल्याच गणिताने मांडता येत नाही.